मोटरहोमच्या दोन बॅटऱ्या आणि चार्जिंगचा घोळ: या चुका टाळा

डिझेल मोटरहोममध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनाची आणि दुसरी हाउस बॅटरी, म्हणजे लाइट, पाण्याचा पंप, फ्रिज, हीटर चालवणारी. आणि तक्रार जवळपास नेहमी एकच असते, दिवसभर गाडी चालवली तरी रात्री नऊ वाजता हाउस बॅटरी बसते. मग आपण काय करतो, तर बॅटरी बदलतो. मी पण तेच केलं, तीन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या आणि तिसरी घ्यायच्या आधी एकदा मल्टिमीटर लावून बघितला तेव्हा कळलं की बॅटऱ्यांचा दोषच नव्हता, त्यांच्यापर्यंत चार्जिंग नीट पोचतच नव्हतं. इंजिन चालू असताना पुढच्या म्हणजे इंजिनाच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट आणि मागच्या म्हणजे हाउस बॅटरीवर १३.१. मधले १.१ व्होल्ट रस्त्यातच गायब!

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, न मोजता बॅटरी बदलणं. मोजायची पण एक पद्धत आहे. गाडी बंद करून, लोड बंद ठेवून, तीन-चार तासांनी मोजा, लेड-ॲसिड बॅटरी १२.७ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आलेली. चार्जिंग संपल्या संपल्या मोजलंत तर आकडा फुगलेला दिसतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मग इंजिन चालू करून दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर मोजा, आणि हे करताना हाउस बॅटरी उतरलेली असली पाहिजे. हे फार जण विसरतात. भरलेली बॅटरी करंटच ओढत नाही, त्यामुळे वायर कितीही बारीक असली तरी व्होल्टेज छान दिसतं आणि आपण म्हणतो सगळं ठीक आहे.

माझ्या गाडीत ६ स्क्वेअर एमएमची वायर होती. प्लसला सहा मीटर, मायनसला सहा मीटर, म्हणजे एकूण बारा मीटर तांबं. एवढ्या वायरचा रेझिस्टन्स येतो साधारण ०.०३५ ओहम, ३० ॲम्पिअर वाहिले की १ व्होल्टच्या वर ड्रॉप, म्हणजे व्होल्टेजची घट, तिथेच झाला. हाच हिशोब २५ स्क्वेअर एमएमला केला तर ड्रॉप पाव व्होल्टवर येतो. आता एक व्होल्टने काय बिघडतं असं वाटेल, पण लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास व्होल्टेज काही तास टिकावं लागतं, १३.१ वर ती कायम अर्धवट राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग खरंच मरते. माझ्या दोन्ही अशाच गेल्या.

राहिलेला ड्रॉप अर्थिंगमध्ये सापडला. मायनसची थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) चेसिसला रंगाच्या वरूनच आवळलेली होती. चार्जिंग चालू असताना बोट लावून बघितलं तर थिंबल चांगलीच गरम लागली, बाजूचा पत्रा मात्र थंड. खोलली तर बोल्टखाली हिरवट थर. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, थिंबल नवीन क्रिंप केली, म्हणजे वायरवर दाबून बसवली, वरून ग्रीस लावलं. (काम करताना आधी बॅटरीचा मायनस काढा, पान्याचा एक टोला चेसिसला लागला तरी ठिणग्या उडतात.) आणि दोन्ही बॅटऱ्यांना जोडणाऱ्या प्लस वायरला फ्यूज दोन्ही टोकांना हवा, बॅटरीच्या जितका जवळ तितकं चांगलं. एकाच टोकाला बसवतात बरेच जण, पण वायर मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर दुसऱ्या टोकाची बॅटरी तिला करंट देतच राहणार ना, आणि तिथून आग लागायला वेळ लागत नाही.

आता रिले, म्हणजे दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. जुन्या डिझेल गाड्यांत साधा स्प्लिट चार्ज रिले पुरतो, इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, बंद झालं की तोडायच्या. व्होल्टेज बघून चालणारा रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो. पण युरो ६ (युरोपचा प्रदूषणाचा नियम) च्या बऱ्याच गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर, म्हणजे गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलणारा इंजिनावरचा जनरेटर, असतो, इंजिनाची बॅटरी भरली की तो डिझेल वाचवायला व्होल्टेज खाली आणतो, १२.५ च्या आसपास, आणि ब्रेक मारताना किंवा उतारावर एकदम १५ च्या जवळ नेतो. अशा गाडीत हा रिले कधी लागतो कधी सुटतो, आणि हाउस बॅटरी उपाशी. हे उभ्या गाडीत कळतच नाही. मल्टिमीटर इंजिनाच्या बॅटरीला लावून केबिनमध्ये घ्या, दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवायला सांगा आणि अर्धा तास आकडे बघत बसा, १४.६ वरून १२.५ वर आणि परत वर असं नाचायला लागलं की समजा डीसी टू डीसी चार्जरच लागणार, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी हाउस बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा चार्जर.

हाउस बॅटरी लिथियमची टाकताय तर हा चार्जर लागतोच, माझं यावर ठाम मत आहे. लिथियम बॅटरी उतरलेली असताना मिळेल तेवढा करंट ओढते, अल्टरनेटर तासन् तास फुल लोडवर तापतो आणि त्यातून बीएमएसने (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) मध्येच बॅटरी तोडली तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. डीसी टू डीसी चार्जर करंटला लगाम घालतो. पण तोही अल्टरनेटर बघून घ्या, ९० ॲम्पिअरच्या अल्टरनेटरवर ६० चा चार्जर टाकलात तर गाडीच्या स्वतःच्या गरजेला उरणार काय? आणि लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, कायमचं नुकसान होतं, तेव्हा बीएमएसमध्ये थंडीचा कटऑफ आहे का ते आधी विचारा.

सेटिंगची चूकही खूप दिसते. जेल आणि एजीएम हे दोन्ही लेड-ॲसिडचेच सीलबंद प्रकार, पण बॅटरी जेल आणि चार्जर एजीएमवर, किंवा उलटं. जेलला १४.१-१४.२ पुरतं, जास्त दिलं की आत गॅस होऊन ती खराब होते. नवी आणि जुनी बॅटरी पॅरलल जोडू नका, जुनी नवीला घेऊन बुडते.

उभ्या गाडीत इंजिन आयडलला ठेवून चार्जिंग करणं, हे तर सोडूनच द्या. आयडलवर अल्टरनेटर कमी करंट देतो, आणि डिझेल इंजिन असं तासभर चाललं की काजळी धरते, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक व्हायला लागतो. सोलर किंवा बाहेरची वीज घ्या.

पण तिथेही एक फट आहे. बरेच चार्जर आणि सोलर कंट्रोलर फक्त हाउस बॅटरीच भरतात. गाडी महिनाभर प्लगला लावून ठेवली, मागे सगळं फुल, आणि निघायच्या दिवशी सेल्फ मारला तर नुसतं टक टक. अलार्म आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजिनाच्या बॅटरीतून थोडं थोडं खात राहतात, आणि डिझेलला ग्लो प्लग (सुरू करताना तापवणारा प्लग), जास्त कॉम्प्रेशन, त्यामुळे अर्धवट बॅटरीवर ते उचलतच नाही. इंजिनाच्या बॅटरीसाठी छोटा ट्रिकल चार्जर वेगळा लावा.

डिझेल हीटर असेल तर तो पेटताना ग्लो प्लगला काही मिनिटं ८-१० ॲम्पिअर खातो, बॅटरी कमजोर किंवा वायर बारीक असली की व्होल्टेज पडतं आणि हीटर एरर देऊन बंद होतो, लोक हीटर खोलत बसतात. आणि बंद करताना मेन स्विचने कधी तोडू नका. हीटरचा स्वतःचा स्विच बंद करा, पंखा आतली उष्णता बाहेर टाकेपर्यंत दोन-चार मिनिटं जाऊ द्या, तो थांबला की मग मेन कटऑफ.