देणगीच्या पावतीवर तारीख भलतीच दिसतेय? या चुका टाळा

माझा आत्तेभाऊ न्यू जर्सीत असतो, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं येतं म्हणून इथलंही रिटर्न भरतो, तेही जुन्या रिजीममध्ये (जुन्या करपद्धतीत), म्हणजे देणगीवर वजावट देणारं 80जी कलम त्याच्या कामाचं. तर याने 31 मार्चला संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर गावाकडच्या एका ट्रस्टला ऑनलाइन 25,000 रुपये दिले आणि पावती आली 1 एप्रिलची. लगेच मला फोन, "अरे यांनी तारीख चुकवली!" चुकवली बिकवली काही नव्हती. मार्चअखेर तिकडची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, त्यामुळे फरक साडेनऊ तासांचा, त्याच्याकडे दुपारचे अडीच वाजले की आपल्याकडे रात्रीचे बारा आणि आर्थिक वर्ष खलास. कॅलिफोर्नियावाल्यांचं तर सकाळी साडेअकरालाच. तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट बघूच नका, 30 ला देऊन मोकळे व्हा.

याच्या उलटी चूक इथे बसून होते आणि ती जास्त फसवी आहे. काही पेमेंट सिस्टीम पावतीवर यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ छापतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. समजा पावतीवर आहे "31-03-2025 20:47 यूटीसी". वाटतं, चला मार्चमध्ये बसलं. त्यात साडेपाच तास मिळवा, झाले 1 एप्रिलचे पहाटेचे 2:17. तुम्ही ते जुन्या वर्षात दाखवणार, ट्रस्ट नव्या वर्षात, आणि मग फॉर्म 10बीई (ट्रस्टकडून मिळणारं देणगीचं प्रमाणपत्र) जुळत नाही म्हणून डोक्याला ताप. ट्रस्टला आपलं 10बीडी (वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण) 31 मेपर्यंत भरायचं असतं आणि 10बीई त्यातूनच निघतं, म्हणून एप्रिलमध्येच विचारून घ्या की आमची देणगी कुठल्या वर्षात धरली. तारीख खरंच चुकली असेल तर 10बीडी सुधारून भरता येतं, पण मागे लागावं लागतं.

वेळ जुळत नाही म्हणून दुसऱ्यांदा पैसे भरू नका हो! दुपारी 3 ला दिले आणि पावतीवर सकाळचे 9:30, म्हणजे ही दुसऱ्याच कुणाची पावती असं नाही. यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक) बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघा, तो जुळला की विषय संपला.

नुसतं आयएसटी लिहिलंय म्हणून भारतीय वेळच असं धरू नका, आयर्लंड आणि इस्रायलवालेही तेच लिहितात. +05:30 दिसलं तर खात्री. अमेरिकन फॉरमॅटमध्ये 04/01 म्हणजे 1 एप्रिल, 4 जानेवारी नाही, हे तर विसरूच नका.

अमेरिकेत टॅक्स भरणाऱ्यांचं वर्ष 31 डिसेंबरला संपतं. न्यू जर्सीत त्या दिवशी संध्याकाळी 7 नंतर दिलं की यूटीसी पावतीवर 1 जानेवारी येणार. पण तिथे क्रेडिट कार्डावर ज्या वर्षी चार्ज केलं ते वर्ष धरतात, बिल पुढच्या वर्षी भरलं तरी, म्हणून कार्डाचं स्टेटमेंट जपून ठेवा आणि संस्थेकडून स्थानिक तारखेची पावती मागा. संस्था मात्र तिथलीच मान्यताप्राप्त हवी, गावच्या ट्रस्टला थेट दिलेलं तिकडे चालत नाही.

आत्तेभावाची वजावट बुडाली नाही, पुढच्या वर्षात गेली. वर्षभर मला ऐकवत होता ते वेगळं.