कवडसाही भाजतो: फोटोडायनॅमिक उपचारात या चुका टाळा

कर्करोगाच्या फोटोडायनॅमिक उपचारात नवखी माणसं औषधाचा डोस दोनदा तपासतात आणि उजेडाचा हिशेब कुणीच ठेवत नाही. रंगद्रव्य (प्रकाशानं जागं होणारं औषध), ठरावीक रंगाचा प्रकाश आणि पेशीतला ऑक्सिजन, ही तिन्ही एकत्र आली तरच गाठ मरते. आणि प्रकाश नको तिथे पोचला, तर चांगली कातडी भाजते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रुग्ण घरी गेल्यावर. पोर्फिमर सोडियम हे रंगद्रव्य २ मिग्रॅ प्रतिकिलो शिरेतून दिलं, ४० ते ५० तासांनी ६३० नॅनोमीटरचा लाल लेसर टाकला, की काम संपलं असं समजतात. ते कातडीत निदान ३० दिवस, कधी ९० दिवसांपर्यंत राहतं. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘उन्हात जाऊ नये, सनस्क्रीन लावावे’ एवढीच ओळ. नेहमीचं सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं. हे औषध जागं होतं दृश्य प्रकाशानं. मलम लावून माणूस निर्धास्त होतो आणि भाजून येतो. खिडकीच्या बंद काचेचाही उपयोग नाही.

गोव्यातलं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. मंगळुरी कौलांत मधेच एक काचेचं कौल. दारं-खिडक्या लावलेल्या, घरचे निश्चिंत. रुग्ण जेवून आडवा होतो. अकराला भिंतीवर असलेला कवडसा सरकत सरकत त्याच्या हातावर येतो. आधी हात चुरचुरतो, संध्याकाळी लाल होऊन सुजतो, मग फोड येतात. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकून बल्कावात (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत) उघड्या तोंडानं जाणं, फेरीबोटीत पाण्यावरून येणारी तिरीप, पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ, यांतलं काहीच निरुपद्रवी नाही.

म्हणून घराची चौकशी डोस देण्याआधी करावी: काचेचं कौल कुठे, पलंग कुठे, इस्पितळातून घरी जाणार स्कूटरवर की गाडीनं. लांब बाह्या, हातमोजे, रुंद टोपी, गडद चष्मा सोबत आणायलाच लावा. उलट, रुग्णाला महिनाभर अंधारात कोंडणंही चूक. घरातल्या साध्या उजेडानं कातडीतलं औषध हळूहळू निकामी होतं. ३० दिवसांनंतर कातडीचा छोटा भाग १० मिनिटं उन्हात धरून २४ तास वाट बघा. लाली, सूज, फोड नसतील तरच हळूहळू बाहेर पडू द्या.

दुसरी चूक घाईची. वरवरच्या त्वचाकर्करोगावर मिथाइल अमिनोलेव्युलिनेटचं मलम लावतात, तेव्हा लाल दिव्याचे ३७ ज्यूल प्रतिचौरस सेंटिमीटर द्यायचे असतात. दिवा प्रतिचौरस सेंटिमीटर ७० मिलिवॅट देत असेल तर ८ मिनिटं ४९ सेकंद लागतात. तोच दिवा जुना होऊन ५० वर आला आणि घड्याळ तेच ठेवलं, तर पोचतात जेमतेम २६. मग ‘उपचार लागू पडला नाही’ म्हणायचं! मीटर कातडीच्या पातळीवर धरून दर वेळी मोजा, वेळ त्यावरून काढा. वेळ वाचवायला तीव्रता वाढवू नका: ऊतीतला ऑक्सिजन भरून येण्याआधीच संपतो आणि वेदना वाढतात. खपली खरवडून काढा, मलमाचा थर साधारण १ मिलिमीटर, कडेला ५ ते १० मिलिमीटर जास्त, वर घट्ट पट्टी, पूर्ण ३ तास. दोन तासांत भागेल असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

एका रंगद्रव्याचे आकडे दुसऱ्याला लावू नयेत. टेमोपोर्फिन ०.१५ मिग्रॅ प्रतिकिलो, प्रकाश ४ दिवसांनी, ६५२ नॅनोमीटर, २० ज्यूल प्रतिचौरस सेंटिमीटर: सगळंच वेगळं.

मेंदूच्या ग्लायोमात (एका प्रकारच्या गाठीत) ५-अमिनोलेव्युलिनिक आम्ल २० मिग्रॅ प्रतिकिलो, भूल देण्याआधी साधारण ३ तास पाजतात, ते गाठ मारायला नव्हे, शस्त्रक्रियेत ती दिसावी म्हणून. निळ्या उजेडात गाठ लाल चमकते. वर रक्ताचा पातळ पापुद्रा राहिला की चमक झाकली जाते, म्हणून आधी धुऊन घ्या. चमक नाही म्हणजे गाठ नाही, असं नसतं.

पॉर्फिरिया (शरीरातच प्रकाशानं जागी होणारी द्रव्यं साठण्याचा आजार) आहे का, हे आधी विचारा. शस्त्रक्रियेचा मोठा दिवा उघड्या कातडीवर रोखून ठेवू नका, आणि पल्स ऑक्सिमीटरची क्लिप एकाच बोटावर तासन्‌तास न ठेवता बोट बदलत राहा. तिच्या लाल दिव्यानंही बोट भाजतं.