नोकरीत नव्या ओळखीने वावरण्याआधी पीएफचे कागद बघा

पंचेचाळिशी-पन्नाशीत लिंगबदलाचा निर्णय घेऊन त्याच नोकरीत राहणार असाल, तर सहकाऱ्यांना सांगण्याआधी कागदांचा क्रम लावा. या वयात मागे बरंच काही साठलेलं असतं: पीएफ, ग्रॅच्युइटी, गटविमा, जुन्या कंपन्यांचे अनुभवदाखले. जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखप्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र हाती आलं की आधी आधार, मग पॅन, बँक. पीएफ त्यानंतरच, कारण तिथली नोंद आधारशी ताडून पाहतात. जुना यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) असेल तर जॉइंट डिक्लरेशनला, म्हणजे पीएफमधली नोंद दुरुस्त करण्याच्या अर्जाला, कंपनीची मंजुरी लागू शकते, म्हणून एचआरमधल्या एका भरवशाच्या व्यक्तीशी लवकर बोला. नॉमिनेशनही तपासा, हे हमखास राहून जातं. जुने दाखले नव्या नावाने मिळतीलच असं नाही, राजपत्राच्या प्रती जपून ठेवा.

ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगतो. तुमच्याकडे तो कोण, हे ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील. बाकी कुणाला, कधी, किती सांगायचं ते तुम्हीच ठरवायचं. एचआरने परस्पर जाहीर करू नये, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.