पाण्यात आर्सेनिकची शंका आहे? तपासताना या चुका टाळा

परवा प्रयोगशाळेत एक काका कोल्ड्रिंकच्या बाटलीत बोअरचं पाणी घेऊन आले. तळाशी केशरी गाळ बसलेला. "टीडीएस १८०च आलाय, म्हणजे आर्सेनिक नसणार ना?" त्यांच्या व्याह्यांचं गाव छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, आपल्या गडचिरोलीच्या हद्दीला लागून. त्या भागातल्या कौडीकसा गावच्या भूजलात आर्सेनिक आहे, हे १९९९ पासून छापून आलेलं आहे. त्यामुळे काकांची शंका अगदीच हवेतली नव्हती.

पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या पेनाला आर्सेनिक दिसत नाही. लिटरमागे १८० मिलिग्रॅम क्षारांत आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे अठरा हजारावा हिस्सा! चव, रंग, वासावरूनही काही कळत नाही. जुन्या काळी सोमल, म्हणजे आर्सेनिकचंच विष, घालून माणसं मारली जायची ती याच गुणावर.

दुसरी चूक बाटलीतच होती. बोअरच्या पाण्यातलं लोह हवा लागली की गंजासारखं खाली बसतं आणि आर्सेनिक त्याला चिकटून तळाशी जातं. वरचं नितळ पाणी तपासलं तर आकडा कमी येतो. म्हणून प्रयोगशाळेकडूनच आम्ल घातलेली बाटली घ्या. ती विसळू नका. हातपंप किंवा बोअर चार-पाच मिनिटं चालू ठेवून मगच भरा.

अर्जावर "आर्सेनिक" हा शब्द लिहा. नेहमीच्या तपासणीत तो असेलच असं नाही. १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने बांगलादेशातल्या कूपनलिकांचं पाणी तपासलं, पण आर्सेनिक पाहिलंच नाही. प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) गेलं आणि २००६ मध्ये पीडितांचा दावा फेटाळला गेला. जे मागितलं नाही ते अहवालात येत नाही. "आढळले नाही" असं आलं तरी उपकरण किती कमी प्रमाण ओळखू शकतं ते विचारा. ते ०.०५ मिलिग्रॅम असेल तर त्या शेऱ्याला काही अर्थ नाही. एकक मिलिग्रॅम आहे की मायक्रोग्रॅम, तेही बघा. १० मायक्रोग्रॅम म्हणजेच ०.०१ मिलिग्रॅम.

शेजारच्याचा अहवाल आपला धरू नका. एकाच आळीतले दोन बोअर वेगळे निघतात. बांगलादेशात म्हणूनच एकेक हातपंप तपासून लाल-हिरवा रंगवावा लागला.

पाणी उकळून तर उलट होतं: वाफ जाते, आर्सेनिक राहतं. आरओ बराच उपयोगी, पण आर्सेनिकचं एक रूप (तीन संयुजेचं) त्यातूनही बऱ्यापैकी निसटतं. म्हणून आरओच्या तोटीचं पाणीही तपासा.

आता शरीराची तपासणी. अनेक जण आधी रक्त देऊन मोकळे होतात. रक्तातलं आर्सेनिक लवकर ओसरतं आणि लघवीतही गेल्या काही दिवसांचंच दिसतं. त्यातही आदल्या रात्री कोळंबी-बांगडा झाला असेल तर आकडा उगाच फुगतो, कारण माशांतलं आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी असतं. तीन-चार दिवस मासे बंद ठेवून नमुना द्या, नाहीतर प्रकारवार (विषारी आणि निरुपद्रवी आर्सेनिक वेगळं मोजणारी) तपासणी मागा. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग, तळहात-तळपायाला खरखरीत कण ही लक्षणं दिसायला वर्षं लागतात. त्वचा स्वच्छ आहे म्हणून पाणी स्वच्छ ठरत नाही. डॉक्टरांना मात्र कुठलं पाणी किती वर्षं प्यायलात ते आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

अहवाल येईपर्यंत पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बदला. भात-डाळ पाणी शोषतात, तेव्हा नुसतं पिण्याचं बदलून भागत नाही. आंघोळ, धुणं-भांडी त्याच पाण्यात चालतील.

काकांना दोन बाटल्या दिल्या, एक बोअरसाठी, एक आरओच्या तोटीसाठी. आठवड्याने अहवाल आला. आर्सेनिक दोन्हींत मर्यादेखाली होतं. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मात्र मर्यादेपेक्षा जास्त निघालं, आणि त्याबद्दल काकांनी आजवर कुणाला विचारलंच नव्हतं.