जुनी खुर्ची घेताना या चुका टाळा: आधी ती उलटी करा

जुनी खुर्ची दिसली की लोक आधी तिची पाठ बघतात. नक्षी कशी आहे, पॉलिश चकाकतंय का, जाळी नवी आहे का. मग फोटो काढून घरी पाठवतात आणि भाव करायला लागतात. मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर, जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात मी हे वर्षानुवर्षं बघतेय. दर वेळी मध्ये पडून सांगावंसं वाटतं की अहो, ती खुर्ची एकदा उलटी तर करा!

खुर्चीचं वय आणि तब्येत बैठकीच्या खालच्या बाजूला कळते. पॉलिशवाल्याचा हात सहसा तिथवर जात नाही. तिथलं लाकूड कोरडं, धुळकट आणि सगळीकडे साधारण एकाच रंगाचं असायला हवं. एक पट्टी पिवळीधमक आणि बाकीच्या काळपट असतील, तर ती पट्टी नंतर बसवलेली आहे. सांध्यात खिळे दिसले तर मी दहा मिनिटं जास्त थांबते. जुन्या सागवानी खुर्चीत एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसवून सरसाने चिकटवलेलं असतं. तिथे खिळा आला याचा अर्थ सांधा कधीतरी सुटला आणि कुणीतरी घाईत काम उरकलं. स्क्रूचं डोकंही बघा. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू 1930च्या दशकात निघाले. दुकानदार ‘1900 सालची आहे’ म्हणत असेल आणि खाली तसे स्क्रू असतील, तर निदान दुरुस्ती तरी नंतरची आहे. कधीकधी अख्खी खुर्चीच नंतरची निघते.

आता ज्या चुकीने माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तिच्याबद्दल. खुर्ची डुगडुगते म्हणून लोक तिचे पाय कापून घेतात.

काही वर्षांपूर्वी एक इराणी हॉटेल बंद झालं, तेव्हा तिथल्या दोन खुर्च्या मी घेतल्या. गोल बैठक, वाकवलेल्या लाकडाची कमानदार पाठ, काळसर रंग. या घडणीचं मूळ मिखाएल थोनेट या व्हिएन्नाच्या फर्निचर कारखानदाराच्या चौदा नंबरच्या खुर्चीत आहे. त्याने ती 1859 साली आणली. बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं, एवढ्यावर ती उभी राहिली. अख्ख्या खुर्चीत लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत, त्यामुळे ती बोटीने जगभर गेली. 1869 साली थोनेटचा एकाधिकार संपला आणि ‘कोन’ नावाच्या कंपनीसारखे दुसरे कारखानदारही तशाच खुर्च्या बनवू लागले. म्हणून वाकवलेली प्रत्येक खुर्ची ‘थोनेट’ नसते. बैठकीच्या कड्याला आतून कागदी चिठ्ठी किंवा ठसा असतो, तो बॅटरी मारून शोधा. त्यावर चेकोस्लोव्हाकिया लिहिलं असेल तर खुर्ची 1918 नंतरची, कारण तो देशच तेव्हा जन्माला आला.

माझ्या दोन्ही खुर्च्या जरा डुलत होत्या. मी त्या जवळच्या एका मिस्त्रींकडे ठेवल्या आणि दोन दिवस गावी गेले. परत आले तर त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं, “ताई, आता हत्ती बसला तरी हलणार नाही.” त्यांनी चारही पाय थोडे थोडे कापले होते. तरी डुलणं थांबेना, म्हणून कड्यातून पायात तीन-तीन इंची खिळे ठोकले होते. एका खुर्चीचं कडं खिळ्याच्या रेषेत उभं चिरलं होतं. वाफेवर वाकवलेलं लाकूड असं चिरलं की ते पूर्ववत होत नाही. चिकटवलं तरी माणसाच्या वजनाने पुन्हा उघडतं. ती खुर्ची आज माझ्याकडे फक्त सुट्या भागांसाठी आहे. मिस्त्रींचा हेतू वाईट नव्हता. समोर उभं राहून काम करून घेणं माझं काम होतं आणि मी तिथे नव्हते.

त्या खुर्च्यांना खरं तर एक स्क्रू-ड्रायव्हर पुरला असता. ही खुर्ची आवळण्यासाठीच बनवलेली आहे. दिवाळीच्या साफसफाईत आणि पावसाळ्याआधी असे दोनदा मी सगळे स्क्रू हाताने आवळते. मशीनने नाही, कारण मशीन जुन्या लाकडातले आटे खाऊन टाकतं. भोक सैल झालं असेल तर त्यात बारीक काडी सरसात बुडवून घालते, वाळू देते आणि तोच स्क्रू परत बसवते. सागवानी खुर्चीचा सांधा सुटला असेल तर तो पूर्ण उघडायचा, जुना सरस कोमट पाण्याने काढायचा, नवा लावायचा आणि दोरीचा पीळ देऊन दिवसभर बांधून ठेवायचं. सुटलेल्या सांध्यावर बाहेरून गोंद ओतणारे लोक बघितले की मला राग येतो. आतला जुना सरस तसाच असतो, नवा गोंद धरतच नाही, आणि पुढच्या माणसाला तो सांधा उघडताही येत नाही.

आणि हो, पाय कापायच्या आधी खुर्ची दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. आपल्या जुन्या घरांच्या फरशा कुठे सपाट असतात?

दुसरी मोठी चूक पॉलिशची. खुर्ची घरी आली की दुसऱ्याच दिवशी घासायला देतात. जुन्या खुर्चीवर बहुतेक लाखेचं पॉलिश असतं. हात लागून, तेल लागून, पुसून पुसून त्याला जो रंग येतो तो डब्यात मिळत नाही. मशीनने घासलं की त्याच्यासोबत नक्षीच्या कडा जातात, कोपरे बोथट होतात, आणि वर चकचकीत थर दिला की ती काल बनवल्यासारखी दिसते. मी आधी ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसते, वाळू देते, आणि थोडं मेण लावून सुती कापडाने चोळते. मग महिनाभर काहीच करत नाही. महिन्यानंतरही पॉलिश हवंच असं वाटलं, तर लाखेचंच, हाताने, पातळ. एवढा धीर नसेल त्याने नवी खुर्ची घ्यावी, मनापासून सांगते.

वेताच्या जाळीबद्दल थोडक्यात. कड्याला ओळीने भोकं असतील तर ती हाताने विणलेली आहे, आणि खाचेत दाबून बसवलेली असेल तर तयार जाळीचा तुकडा आहे. जाळी फक्त सैल असेल तर खालून ओल्या फडक्याने भिजवून सावलीत वाळू द्या, ती ताणली जाते. तुटली असेल तर विणणाऱ्याकडेच द्या. प्लॅस्टिकचा वेत घालू नका.

भुंग्याची बारीक भोकं दिसली तर घाबरू नका, पण तशीच घरातही आणू नका. खुर्चीखाली काळा कागद पसरून आठवडाभर गॅलरीत ठेवा. कागदावर पिठासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. बीचला ती फार लवकर लागते.

टेप सोबत ठेवा. बैठक जमिनीपासून साधारण अठरा इंच हवी. पंधरा-सोळा भरली तर पाय कधीतरी कुजून कापलेले असू शकतात. मग जेवणाच्या टेबलाशी ताट हनुवटीपाशी येतं.

सहाचा संच घेताना सहाही खुर्च्यांवर बसा. एकीवर बसून सहाचे पैसे देऊ नका.

परदेशातल्या भावाला, नणंदेला पाठवायची असेल तर आधी कायदा बघा. 1972च्या पुराणवस्तू कायद्याने शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. खुर्ची त्यात मोडत नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो.

शेवटचं, खरेदीच्या वेळेबद्दल. भर पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, त्यामुळे सुटलेला सांधाही घट्ट वाटतो. तीच खुर्ची मार्चमध्ये कुरकुरायला लागते. म्हणून मी जुनी खुर्ची एप्रिल-मेमध्येच बघायला जाते. पाठ एका हातात आणि बैठक दुसऱ्या हातात धरून विरुद्ध दिशांना हलकेच ढकलते. त्या कोरड्या दिवसांत जी हलत नाही, तिच्यावर बसते, मागे रेलते, आणि मगच भाव विचारते.