अनेक मेल सर्व्हर, पण एसपीएफ नोंद एकच
अंधेरीच्या कार्यालयातील स्वतःचा सर्व्हर, कर्मचाऱ्यांसाठी घेतलेली क्लाउड मेलसेवा आणि ग्राहकांना बिले पाठवणारी तिसरी सेवा, असे तिन्ही एकाच डोमेनवरून मेल पाठवत असतील, तर प्रत्येकासाठी वेगळी एसपीएफ नोंद (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी) करण्याचा मोह होतो. परंतु एका डोमेनवर अशा दोन नोंदी असल्या की तपासणीच त्रुटी देते आणि योग्य मेलही स्पॅममध्ये जाऊ शकतात.

१. डीएनएसमध्ये (डोमेनची माहिती देणाऱ्या यंत्रणेत) एकच एसपीएफ टीएक्सटी, म्हणजे मजकूर स्वरूपाची, नोंद ठेवून तीत स्वतःच्या सर्व्हरचा स्थिर आयपी पत्ता ‘आयपी४’ने आणि बाहेरच्या सेवा ‘इन्क्लूड’ने जोडाव्यात.

२. एसपीएफ तपासताना होणाऱ्या डीएनएस शोधांची मर्यादा १० आहे आणि एका ‘इन्क्लूड’च्या पोटातील शोधही तीत धरले जातात, थेट लिहिलेले आयपी पत्ते मात्र धरले जात नाहीत. म्हणूनच बंद केलेल्या सेवांची नावे आठवणीने काढावीत, हे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते.

३. डीकेआयएमसाठी, म्हणजे मेलवरील डिजिटल स्वाक्षरीसाठी, प्रत्येक सेवेला स्वतंत्र सिलेक्टर (स्वाक्षरी कोणत्या किल्लीने तपासायची हे सांगणारे नाव) द्यावा.

डीमार्कचे धोरण, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ही सूचना, सुरुवातीलाच ‘रिजेक्ट’ (मेल नाकारा) करू नये. प्रथम ‘नन’ (कारवाई नको) ठेवून मेल स्वीकारणाऱ्या सेवांकडून येणारे अहवाल पाहावेत, कारण विसरलेला एखादा सर्व्हर बहुधा तिथेच सापडतो.