डिक्कीतली आयपीए आणि बाटल्या बदलणाऱ्यांच्या इतर चुका

मे महिन्यातली गोष्ट. म्हापशात आमची महिन्यातून एकदा बैठक असते. आठ-दहा जण, प्रत्येकाने बिअरची एखादी वेगळी बाटली आणायची, सगळ्यांनी घोटघोट चाखायची आणि उरलेल्या बाटल्या ज्याला ज्या हव्या त्याने बदलून न्यायच्या. त्या दिवशी मडगावचा एक पोरगा पहिल्यांदाच आला होता. छोट्या बॅचची आयपीए, म्हणजे हॉप्स सढळ हाताने घातलेली बिअर, दुकानात उतरली त्याच दिवशी त्याने सहा बाटल्या उचललेल्या. त्यातली एक मोठ्या कौतुकाने उघडली. ग्लासात नाक घातलं, तर पावसात भिजलेला पुठ्ठा. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास औषधालाही नाही. पोराने लगेच मोबाइल काढला आणि ब्रुअरीला पाचपैकी एक तारा देऊन मोकळा झाला.

"कुठे ठेवली होतीस?" मी विचारलं.

"गाडीच्या डिक्कीत. कोण कधी भेटेल सांगता येत नाही ना काका, ट्रेडसाठी हाताशी असावी म्हणून."

"किती दिवस?"

"नऊ."

योगायोगाने पर्वरीच्या एकाकडे त्याच बॅचची, तीच तारीख छापलेली बाटली होती. ती घरच्या फ्रिजमधून थेट बर्फात बसून आलेली. उघडल्यावर संत्र्याची साल, थोडा आंबा, मागून स्वच्छ कडवटपणा. पोरगा गप्प झाला. तारा मात्र तसाच राहिला, बदलायचा राहून गेला म्हणे.

बिअर करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो, 3-30-300 चा. 32 अंशांत तीन दिवस ठेवलेली बिअर जेवढी म्हातारी होते, तेवढंच म्हातारपण 22 अंशांत तीस दिवसांनी आणि फ्रिजच्या तीन अंशांत तीनशे दिवसांनी येतं. गोव्यात मे महिन्यात 32 अंश तर सावलीतच असतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीचं काय सांगावं! शिवाय छोट्या ब्रुअरीची बिअर बऱ्याचदा पाश्चराइझ केलेली नसते. मोठ्या कंपन्यांची लागर जे सोसते ते हिला सोसत नाही. त्यातही सुगंधासाठी घातलेल्या हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो आणि आपण पैसे त्याचेच मोजलेले असतात.

माझा उपाय शास्त्रीय वगैरे नाही. मासळीवाले वापरतात तो थर्माकोलचा डबा लिंबू-सोड्याने धुऊन गाडीत ठेवलाय. दुकानात जाताना अर्धा डबा बर्फ, बाटल्या उभ्या, वर ओलं पोतं. बायको म्हणते बिअरला बांगड्याचा वास लागेल. लागत नाही, काच आहे. दुकानातही शेल्फवरची बाटली मी घेत नाही, फ्रिजमधलीच मागतो, आणि पैसे देण्याआधी उत्पादनाची तारीख वाचतो. मागे नवी माणसं खोळंबून उसासे टाकतात. टाकू देत.

उन्हाचं वेगळं. हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि त्याचा वास नाकाला अगदी सूक्ष्म प्रमाणातही कळतो. तपकिरी काच बरंच ऊन अडवते, हिरवी थोडं, पांढरी जवळजवळ नाहीच. परदेशातले लोक या वासाला स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात. आपण तो प्राणी पाहिलेला नाही, म्हणून मी सरळ गांजाचा वास म्हणतो. हणजूण-वागातोरला राहिलेल्यांना जास्त समजवावं लागत नाही. शॅकवर बसून, ग्लास उन्हात ठेवून फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ग्लासातली बिअर बिघडायला काही मिनिटं पुरतात, तुमचा फोटो तोवर नीट आलेलाही नसतो.

आता दुसरी चूक. ही माझी स्वतःची, त्यामुळे जरा सविस्तर.

बाटल्यांची अदलाबदल हा मूळचा अमेरिकेतला खेळ. इंडियाना राज्यात मन्स्टर गावी थ्री फ्लॉइड्स ब्रुअरीची डार्क लॉर्ड नावाची स्टाउट, म्हणजे काळी दाट बिअर, वर्षातून एका ठरावीक दिवशी विकली जायची. लोक आपापल्या गावच्या बाटल्या घेऊन रांगेत बसायचे, चाखायचे, बदलायचे. फार दुर्मीळ बाटलीला त्यांच्या बोलीत 'व्हेल' म्हणतात. हे सगळं ऐकून आपल्याकडच्या नवशिक्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसते: बाटली जपून ठेवली की तिचा भाव वाढतो. माझ्याही बसली होती. एका इथल्याच ब्रुअरीची एकदाच काढलेली आयपीए मी फ्रिजच्या दारात आगळाच्या बाटलीमागे चौदा महिने लपवून ठेवली. तिच्या तोडीचं कोणी काही देईल तेव्हाच काढायची, असा पण.

मग शिपवरचा भाचा सुट्टीवर मोपा विमानतळावर उतरला. कस्टम्सची सवलत दोन लिटरची, म्हणून 375 मिलीच्या पाच बाटल्या घेऊन आला होता. एकूण 1.875 लिटर, पोरगं हिशेबाला पक्कं. त्यातली एक ब्रसेल्सच्या काँतियाँ ब्रुअरीची ग्यूझ. एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली लांबिक, म्हणजे हवेतल्या यीस्टने आंबवलेली आंबट बिअर, एकत्र करून बाटलीत पुन्हा फसफसू देतात, ती. ती त्याने मला दिली आणि मी छाती फुगवून माझी आयपीए त्याला दिली. त्याने तिथेच उघडली. रंग चहासारखा गढूळ तपकिरी, चव बुरसटलेल्या मधाची. भाचा म्हणाला, "छान आहे, मामा." त्या 'छान' मधला लिहाज मी आजवर विसरलेलो नाही. त्याची ग्यूझ मी पुढच्या वर्षी उघडली, ती मात्र झकास निघाली.

खरं तर ही गोष्ट गोव्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको. हुर्राक साठवून ठेवतं का कोणी? काजूचा मोसम आला, पहिल्या धारेची हुर्राक निघाली, की लिम्का आणि चिरलेली मिरची घालून पावसाआधी संपवायची. फेणी मात्र काचेच्या गर्राफांवात वर्षानुवर्षं बसते आणि सुधारते. आयपीए ही हुर्राक आहे. ग्यूझ आणि दणकट इंपीरियल स्टाउट ही फेणी. बेल्जियन त्रिपेल, म्हणजे फिक्या रंगाची कडक बिअर, मधे कुठेतरी; आमच्या डिचोली तालुक्यात लाटंबार्सेच्या बाजूला होणाऱ्या 'माका दी'ची त्रिपेल मी सहा महिने ठेवून प्यालोय, बिघडली नाही. गव्हाची बिअर मात्र ठेवायचीच नाही. हा हिशेब पाठ असला की ट्रेडमध्ये सहसा फसत नाही. तरी माझा नियम असा: एकाच बिअरच्या दोन बाटल्या घ्यायच्या, एक आठवड्यात प्यायची, दुसरी महिन्याच्या आत बदलायची. बदली झाली नाही तर तीही प्यायची.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. घाईघाईत फ्रीझरमध्ये टाकलेली बाटली विसरली जाते आणि फुटते; बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत ती वीस मिनिटांत गार होते. फळांचा गर घातलेल्या आंबट बिअरचे कॅन फ्रिजबाहेर ठेवू नका, आतली साखर पुन्हा फसफसते आणि डबा फुगतो, कधी फुटतोही. प्रवास करून आलेली, तळाशी गाळ असलेली बाटली त्याच संध्याकाळी उघडायची नाही, दोन दिवस उभी ठेवायची. कॉर्क असेल तर सिंकवर उघडा. आमच्या घराच्या छतावर अजून एक डाग आहे. आणि रेशाद मसाल्याचा बांगडा खाऊन चाखायला बसू नका, नंतर सगळ्या बिअर सारख्याच लागतात.

एक चूक मात्र चूक म्हणण्यापलीकडची. बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं, तरी दर महिन्याला कोणीतरी पुण्याहून विचारतं, "काका, कुरिअर कराल का?" नाही करणार. टपालाने दारू पाठवायला बंदी आहे, आणि परवान्याशिवाय गोव्याची दारू सीमेपलीकडे नेली तर बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे, तिथे अबकारीवाले गाडी उघडून बघतात. कपड्यांत गुंडाळलेली बाटली त्यांनाही सापडते. सावंतवाडीचे दोघे जण आमच्याकडे येतात, इथे बसून पितात आणि रिकाम्या हाताने परत जातात. ज्याला हवं त्याने तसं यावं.

बाटल्या विकतही नाही. परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे हे एक, आणि विकायला लागलं की रांगेतली माणसं बदलतात हे दुसरं. बेल्जियमच्या सिंट-सिक्स्टस मठातले साधू वेस्टव्लेटेरन नावाची बिअर करतात. घेणाऱ्याने ती पुढे विकायची नाही, अशी त्यांची अट. 2018 मध्ये नेदरलँड्सच्या एका सुपरमार्केटने ती मिळवून मठाच्या भावाच्या कितीतरी पट किमतीला विकायला ठेवली आणि साधू जाम वैतागले. आपल्याकडेही सुरू झालंय. म्हापशाच्या एका दुकानात चोवीस बाटल्या उतरल्या, त्यातल्या बारा एकाच माणसाने घेतल्या आणि त्याच रात्री दुप्पट भावाने ग्रुपवर टाकल्या. त्याला बैठकीला बोलावणं बंद केलं. त्याला कारण विचारावंसं वाटलं नाही, मलाही सांगावंसं वाटलं नाही.

बदल्यात काय द्यावं यावर मात्र वाद होतात आणि होऊ देत. बाटलीला बाटली मोजणारे असतात, किमतीला किंमत लावणारे असतात. मी ठरलेल्यापेक्षा एक जास्त टाकतो, बहुतेक वेळा स्वस्तातली, पण त्याच आठवड्यात दुकानात उतरलेली. मडगावच्या त्या पोराला मागच्या बैठकीत अशीच एक दिली. त्याने आधी तारीख बघितली, मग विचारलं, "काका, तुमच्या डब्यात जरा जागा आहे?"